अध्ययननिष्पत्तीपासून अभ्यासक्रमाकडे : स्नेहकल्पनेच्या एका पाठाच्या निमित्ताने

विषयप्रवेश

आयुर्वेद पदवी शिक्षणाविषयी आपल्या व्यवसायात दोन तक्रारी वारंवार ऐकू येतात. चिकित्सक वैद्यबंधू म्हणतात की नव्याने पदवी घेतलेला विद्यार्थी सूत्रे बिनचूक सांगतो, परंतु रुग्णासमोर बसला म्हणजे त्याची लेखणी अडते. औषधनिर्माते म्हणतात की तांत्रिक पर्यवेक्षक म्हणून नेमलेला स्नातक नोंदवह्या उत्तम ठेवतो, परंतु कढई केव्हा उतरवावी हे त्याला भट्टीवरील कामगारास विचारावे लागते. या तक्रारींचा दोष कधी विद्यार्थ्याच्या अनास्थेवर, तर कधी अध्यापकाच्या उदासीनतेवर ठेवून आपण मोकळे होतो. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा वेगळ्या अंगाने विचार करावयाचा आहे. दोषाचा मोठा वाटा व्यक्तींपेक्षा अभ्यासक्रमाच्या मांडणीच्या दिशेत आहे, आणि ती दिशा बदलणे वैद्य व औषधनिर्माते यांच्या सहभागाशिवाय शक्य नाही, असे लेखकाचे मत आहे.

विषयास हात घालण्यापूर्वी स्वतःचा एक अनुभव सांगणे आवश्यक वाटते. २००४ साली पदवी घेतल्यानंतर काही महिने लेखकाने तालुक्याच्या गावातील एका लहान औषधनिर्माणशाळेत पर्यवेक्षक म्हणून काम केले. स्नेहकल्पनेवरील प्रश्नास परीक्षेत चांगले गुण मिळाले होते. मृदू, मध्यम व खर पाकाची लक्षणे, तेलात फेनाची उत्पत्ती, तुपात फेनाची शांती, हे सर्व मुखोद्गत होते. दुसऱ्याच आठवड्यात भट्टीवरचे वयस्क कामगार, ज्यांना सर्वजण मामा म्हणत, गावी गेले असता वेदनाहर तेलाचा एक घाणा लेखकाच्या देखरेखीखाली झाला. कल्काची वात वळते की नाही याविषयी मनाचा निश्चय होईना, म्हणून अग्नी आणखी थोडा वेळ ठेवला. तेवढ्या अवधीत कल्क काळा पडला, तेलास करपट वास आला आणि संपूर्ण घाणा टाकून द्यावा लागला. मालक सज्जन होते. त्यांनी एवढेच विचारले, "डॉक्टर, महाविद्यालयात स्वतःच्या हाताने किती वेळा तेल केले होते?" प्रामाणिक उत्तर 'एकदाही नाही' असे होते. चाळीस विद्यार्थ्यांच्या घोळक्यात मागे उभे राहून एकदा पाहिले होते आणि प्रात्यक्षिक वहीत ते सुवाच्य अक्षरात लिहिले होते.

या प्रसंगी अध्यापकांनी शिकविले नव्हते असे म्हणता येत नाही. विद्यार्थी परीक्षेत अनुत्तीर्ण झाला नव्हता. अभ्यासक्रमात विषय होता, तासिका झाली होती, वही तपासली गेली होती, गुणही मिळाले होते. तरीही जे व्हावयास हवे होते ते झाले नाही. याचे कारण असे की शिक्षणाच्या शेवटी विद्यार्थ्यास नेमके काय करता आले पाहिजे, हा प्रश्न मांडणीच्या आरंभी कोणी विचारलाच नव्हता.

अनुलोम व प्रतिलोम मांडणी

सामान्यतः अभ्यासक्रमाची रचना अशी होते. प्रथम ग्रंथांच्या आधारे विषयांची सूची तयार होते. सूचीस तासिका वाटून दिल्या जातात. तासिका संपल्यावर शिकविलेल्या भागावर प्रश्न काढले जातात. विद्यार्थी उत्तीर्ण झाला म्हणजे त्यास विषय आला असे गृहीत धरले जाते. या क्रमास आपण अनुलोम मांडणी म्हणू. तिच्यात 'काय शिकवावयाचे' हा प्रश्न प्रथम येतो आणि 'कशासाठी' हा प्रश्न बहुधा येतच नाही.

प्रतिलोम मांडणीत क्रम उलटा असतो. प्रथम अभ्यास पूर्ण झाल्यावर विद्यार्थ्यास काय करता यावे, म्हणजेच अध्ययननिष्पत्ती, ठरवितात. त्यानंतर ती प्राप्त झाली हे कोणत्या पुराव्यावरून मानावयाचे, म्हणजेच परीक्षा, ठरवितात. शेवटी त्या परीक्षेस विद्यार्थी पात्र व्हावा म्हणून कोणते ज्ञान व कोणता सराव द्यावा, याचा विचार करून पाठ आखले जातात.

हा विचार शिक्षणशास्त्रात नवा नाही. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९ साली अभ्यासक्रमाच्या मूलतत्त्वांवर जे छोटे पुस्तक लिहिले, त्यात उद्दिष्टे, त्यांस अनुरूप अनुभव, अनुभवांची संघटना व मूल्यमापन हे चार प्रश्न याच क्रमाने मांडले. रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्ये उद्दिष्ट कसे लिहावे याची पद्धती सांगितली. जॉन बिग्ज यांनी १९९६ मध्ये निष्पत्ती, अध्यापन व परीक्षा या तिन्हींचा परस्परमेळ असावा हे प्रतिपादन केले. ग्रँट विगिन्स व जे मॅक्टाय यांनी १९९८ मध्ये 'शेवटापासून आरंभाकडे' या रचनेस सुटसुटीत रूप दिले. वैद्यकीय शिक्षणात जॉर्ज मिलर यांनी १९९० साली चार पायऱ्या सांगितल्या : माहीत आहे, कसे करावे हे माहीत आहे, करून दाखवितो, आणि प्रत्यक्ष व्यवहारात करतो. पूर्वोक्त घाण्याच्या वेळी लेखक दुसऱ्या पायरीवर होता आणि काम चौथ्या पायरीचे होते.

आपल्या क्षेत्रातही हा विचार आता औपचारिकरीत्या आला आहे. भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोग २०२१ साली अस्तित्वात आल्यानंतर २०२१-२२ च्या तुकडीपासून पदवी अभ्यासक्रमास क्षमताधिष्ठित रूप देण्यात आले. त्यात प्रत्येक घटकापुढे निष्पत्ती, मिलर यांची पायरी, अध्यापनपद्धती व परीक्षापद्धती यांचे रकाने आहेत. कोणता भाग अवश्य ज्ञेय, कोणता इष्ट व कोणता अधिक माहितीसाठी, असाही भेद केलेला आहे. कागदावर ही प्रगती निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु रकाना भरल्याने हात तयार होत नाही. जुनीच तासिका नव्या रकान्यात लिहिली, तर केवळ लेखनश्रम वाढतात. म्हणून या मांडणीचे मर्म समजून घेणे अगत्याचे आहे.

संहितांमधील दृष्टी

हे मर्म आपणांस परके नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय, योग्यासूत्रीय, या दृष्टीने पुन्हा वाचावा. शास्त्राचे पुष्कळ श्रवण केले तरी ज्याने योग्या, म्हणजे सराव, केलेली नाही तो कर्मास अयोग्य होय, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. त्यानंतर प्रत्येक कर्मासाठी सरावाचे स्वतंत्र माध्यम दिले आहे. छेदनासाठी कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी यांसारखी फळे. भेदनासाठी पाणी व चिखल भरलेली कातडी पिशवी किंवा बस्ती. लेखनासाठी केसाळ चामडे. वेधनासाठी मृत पशूंच्या सिरा व कमळाचे देठ. एषणासाठी किडीने पोखरलेले लाकूड, वेळू व वाळलेल्या भोपळ्याचे तोंड. विस्रावणासाठी मेण लावलेली शाल्मलीची फळी. सीवनासाठी वस्त्राच्या व मऊ चामड्याच्या कडा. बंधनासाठी बाहुल्याचे अवयव.

येथे विचार कोणत्या दिशेने झाला आहे ते पाहावे. आधी अंतिम कर्म निश्चित केले. त्या कर्मात हातास कोणता अनुभव येतो हे ओळखले. मग तोच अनुभव देणारी, परंतु चूक झाली तरी कोणास इजा न होणारी वस्तू निवडली. पाणी भरलेली पिशवीच भेदनासाठी का, याचे उत्तर द्रवपूर्ण व्रणशोथात आहे. माध्यमाची निवड निष्पत्तीवरून झालेली आहे.

त्यापुढील दहाव्या अध्यायात व्यवसायात प्रवेश करणाऱ्या वैद्याची पात्रता सांगितली आहे. त्याने तंत्राचे अध्ययन केलेले असावे, त्याचा अर्थ आत्मसात केलेला असावा, कर्म पाहिलेले असावे, योग्या केलेली असावी, शास्त्र दुसऱ्यास सांगता यावे आणि राजाची अनुज्ञा घेतलेली असावी. पाठांतर, अर्थबोध, दर्शन, सराव व प्रतिपादन या प्रत्येकास वेगळे नाव आहे, आणि अनुज्ञा सर्वांच्या अंती आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात वैद्याचे जे चार गुण येतात, त्यांतही शास्त्राचे निर्मळ ज्ञान, वारंवार कर्म पाहिलेले असणे, दक्षता व शुचिता असा ज्ञान, अनुभव, कौशल्य व शील यांचा समतोल आहे.

यावरून आधुनिक शिक्षणशास्त्रातील सर्व काही आचार्यांनी सांगून ठेवले होते, असा दावा करण्याचे कारण नाही. गुरुकुलात शिष्य थोडे असत व गुरू त्यांना अहोरात्र पाहत असत, त्यामुळे पात्रतेचा निर्णय गुरूच्या सान्निध्यातून होत असे. आज शंभर विद्यार्थ्यांच्या तुकडीत ते सान्निध्य नाही. त्याची उणीव काही अंशी भरून काढण्यासाठीच निष्पत्ती लिहून ठेवणे व तिची परीक्षा सर्वांस समान करणे आवश्यक ठरते.

निष्पत्ती कशी लिहावी

निष्पत्तीचे वाक्य लिहिणे वाटते तितके सोपे नाही. 'विद्यार्थ्यास स्नेहकल्पनेचे ज्ञान होईल', 'विद्यार्थी पाकलक्षणे समजून घेईल', 'विद्यार्थ्यात आवड निर्माण होईल' ही वाक्ये अनेक अभ्यासक्रमांत आढळतात. त्यांत दोष हा की ज्ञान झाले किंवा नाही हे कोणासही पाहता येत नाही. मेगर यांच्या पद्धतीनुसार वाक्यात तीन अंगे असावीत : कृती, परिस्थिती व मानदंड. विद्यार्थी काय करील, कोणत्या साधनांनी व कोणत्या स्थितीत करील, आणि किती अचूक केले म्हणजे पुरेसे मानावयाचे.

उदाहरणार्थ, 'मृदू, मध्यम, खर पाक जाणतो' याऐवजी असे लिहावे : 'नाव झाकलेले कल्काचे पाच नमुने दिले असता, केवळ स्पर्श, वास, वर्ण व अग्निपरीक्षेच्या साह्याने, आम, मृदू, मध्यम, खर व दग्ध अवस्था ओळखतो, पैकी आम व दग्ध ओळखण्यात चूक करीत नाही.' शेवटचे उपवाक्य महत्त्वाचे आहे. मध्यमास खर म्हटले तर तेलाचा उपयोग कदाचित नस्य, पान किंवा बस्ती यांऐवजी अभ्यंगाकडे वळेल. आमपाक निर्वीर्य असून अग्निमांद्य करतो आणि दग्धपाक दाह करतो, म्हणून त्यांस ग्राह्य ठरविणे हा रुग्णाशी केलेला अपराध होय. कोणती चूक क्षम्य व कोणती अक्षम्य हे मानदंडात उमटले पाहिजे. सरसकट पन्नास टक्के गुणांच्या उत्तीर्णतेत हा भेद नाहीसा होतो.

वाक्याचे क्रियापद हीच त्याची कसोटी होय. 'जाणणे', 'समजणे' ही क्रियापदे आली की थांबावे आणि स्वतःस विचारावे की हे जाणतो तो काय करून दाखवील? ओळखतो, मोजतो, निवडतो, तयार करतो, नोंदवितो, रुग्णास सांगतो, पाठवितो, थांबवितो, अशी क्रियापदे त्या प्रश्नातून मिळतात. संख्याही आवरावी. लेखकाने आपल्याकडे येणाऱ्या आंतरवासितेच्या विद्यार्थ्यांसाठी प्रथम यादी केली तेव्हा तेवीस निष्पत्ती झाल्या. एका महिन्यात त्यांतील एकही नीट साधली नाही. पुढच्या तुकडीस पाचच ठेवल्या.

एक पाठ : स्नेहकल्पना

आता संपूर्ण पाठ या रीतीने मांडून पाहू. स्नेहकल्पना हा विषय मुद्दाम घेतला आहे, कारण तो चिकित्सक व निर्माता या दोघांच्याही नित्य व्यवहारातील आहे.

पहिली पायरी, निष्पत्ती. पाठाच्या शेवटी विद्यार्थी :
१) दिलेल्या योगासाठी कल्क, स्नेह व द्रव यांची प्रमाणे गणित करून ठरवितो.
२) स्वतःच्या हाताने एक तेल सिद्ध करतो व योग्य क्षणी अग्नी बंद करतो.
३) नमुन्यावरून पाकाची अवस्था ओळखतो व तिचा उपयोग सांगतो.
४) घाण्याची नोंद अशी ठेवतो की दुसऱ्यास तीवरून तोच घाणा पुन्हा करता यावा.
५) बिघडलेल्या तेलाची तक्रार आली असता संभाव्य कारण सांगतो व पुढील कृती करतो.

दुसरी पायरी, परीक्षा. स्कॉटलंडमधील डंडी येथील रोनाल्ड हार्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली वैद्यकीय परीक्षेसाठी थांब्यांची जी पद्धती सुचविली, ती 'ऑस्की' या नावाने ओळखली जाते. तिचा येथे सहज उपयोग होतो.

पहिल्या थांब्यावर गणित असावे. दोन लिटर तेल, सामान्य परिभाषेप्रमाणे कल्क एक, स्नेह चार व द्रव सोळा भाग. म्हणजे कल्क ५०० ग्रॅम व द्रव आठ लिटर. द्रव म्हणून क्वाथ असून तो आठपट पाण्यात चतुर्थांश शेष ठेवावयाचा असेल, तर भरड चार किलो व पाणी बत्तीस लिटर लागेल. हे गणित न आल्याने औषधनिर्माणशाळेत प्रत्यक्ष नुकसान होते, म्हणून त्यास स्वतंत्र स्थान हवे.

दुसऱ्या थांब्यावर कल्काचे पाच नमुने, पूर्वी सांगितल्याप्रमाणे. तिसऱ्या थांब्यावर हेतुतः तीन चुका ठेवलेली घाण्याची नोंद, उदाहरणार्थ मूळ द्रव्याचा गट क्रमांक नाही, पाक सुरू केल्याची वेळ नाही, गाळलेल्या तेलाचे वजन अशक्यप्राय. विद्यार्थ्याने त्या शोधाव्यात. चौथ्या थांब्यावर गढूळ व खवट वासाची एक बाटली आणि ती परत आणणारा 'रुग्ण'. विद्यार्थ्याने त्याच्याशी नीट बोलावे, बाटली बाजूस ठेवावी, राखून ठेवलेल्या नमुन्याशी तुलना करावी व नोंद करावी. जलांश शिल्लक राहणे, ओल्या बाटलीत भरणे, मुळातच जुने तेल वापरणे ही कारणे त्यास सुचली पाहिजेत.

दुसऱ्या निष्पत्तीची परीक्षा मात्र थांब्यावर होत नाही. तेल करूनच दाखवावे लागते. स्नेहपाक एका दिवसात उरकू नये हा शास्त्रादेश लक्षात घेता त्यास किमान दोन-तीन दिवस द्यावे लागतात.

तिसरी पायरी, पाठाची आखणी. परीक्षा ठरल्यावर काय शिकवावे हे जवळजवळ आपोआप स्पष्ट होते. मान व परिभाषा, मूर्च्छनेचा हेतू, अग्नीचे प्रमाण, कल्क तळास लागू नये म्हणून सतत ढवळणे, पाकलक्षणे, उष्ण असताना गाळणे व गंधद्रव्यांचा पात्रपाक, एवढे अवश्य ज्ञेय. ग्रंथाग्रंथांतील मतभेदांची दीर्घ यादी इष्ट या वर्गात जाते. ती टाकून द्यावी असे नव्हे, परंतु पहिल्या तेलाच्या आधी तिची गरज नाही.

पाकलक्षणामागील कारणही येथे समजावून द्यावे, कारण कारण समजले की डोळा लवकर तयार होतो. कढईत जलांश आहे तोवर मिश्रणाचे तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास रेंगाळते, कारण उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. जलांश संपत आला की तीच उष्णता तेलाचे तापमान झपाट्याने वाढविते. म्हणून आमपाकापासून मृदू पाकापर्यंत कित्येक तास लागतात, तर मध्यमापासून दग्धापर्यंत काही मिनिटे पुरतात. कल्क अग्नीवर टाकला असता होणारी तडतड ही आत अडकलेल्या पाण्याच्या वाफेची असते. ती थांबली म्हणजे जलांश गेला. लेखकाचा घाणा करपला तो याच मिनिटांत. लक्षणे पाठ होती, परंतु ती किती वेगाने एकामागून एक येतात हे कोणी सांगितले नव्हते आणि हाताने अनुभवले नव्हते.

सरावासाठी मोठा घाणा लागत नाही. चार-पाच विद्यार्थ्यांच्या गटास ४०० मिलिलिटर तिळाचे तेल, १०० ग्रॅम कल्क व १६०० मिलिलिटर द्रव पुरेसे आहे. शेवटच्या टप्प्यात दर पाच मिनिटांनी चिमूटभर कल्क काढून, वेळ लिहून, बशीत ओळीने मांडावा. एका गटाने मुद्दाम दग्धापर्यंत न्यावा. भेदनाची योग्या कातडी पिशवीवर करण्यामागे जो विचार आहे तोच येथे आहे. चूक करावयाची तर ती ४०० मिलिलिटरवर करावी, रुग्णासाठी असलेल्या चाळीस लिटरवर नव्हे.

परीक्षा ठरविताना उघड झालेली आपली उणीव

हा पाठ लेखकाने आपल्या चिकित्सालयातील विद्यार्थ्यांवर करून पाहिला तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट घडली. नमुन्यांची उत्तरपत्रिका निश्चित करण्यासाठी दोन अनुभवी वैद्यमित्रांस बोलाविले. पाच नमुन्यांपैकी एकास एकाने मध्यम म्हटले, दुसऱ्याने खर. दोघेही वीस वर्षे तेले करीत आले होते. चर्चा झाली, आवाजही थोडे चढले. शेवटी लक्षात आले की एक मित्र गरम कल्काची वात वळून पाहत होते व दुसरे थंड झालेल्या कल्काची. कल्क निवाला की तो कठीण वाटतो. कोणत्या स्थितीत पाहावयाचे हे आमच्यापैकी कोणीच शब्दांत कधी मांडले नव्हते.

अशा वेळी विद्यार्थ्यास चूक ठरविण्याचा आपणांस काय अधिकार आहे? प्रतिलोम मांडणीचा हा लाभ विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. परीक्षेचा मानदंड लिहावयास बसले की गुरूंमधील अनिश्चितता आधी पृष्ठभागावर येते. त्या दिवशी आम्ही वाक्यात 'कढईतून काढल्यावर बोटास सोसवेल इतका कोमट असताना' ही परिस्थिती घातली आणि मतभेद मिटला. तद्विद्यसंभाषेची जी परंपरा चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितली, तिचा उपयोग अभ्यासक्रम ठरवितानाही व्हावा, असे या अनुभवावरून वाटते.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की यामुळे शिक्षण यांत्रिक होईल, चिकित्सेतील युक्ती मोजमापात कशी बसणार? आक्षेपात तथ्य आहे. युक्ती, करुणा, रुग्णाविषयीची निष्ठा या गोष्टी थांब्यावर पाच मिनिटांत तपासता येत नाहीत. त्यांसाठी दीर्घ सहवास व ज्येष्ठांचे निरीक्षण हेच साधन होय. परंतु युक्ती मोजता येत नाही म्हणून प्रमाणाचे गणितही न मोजणे योग्य नव्हे. जे पाहता येते ते तरी प्रामाणिकपणे पाहावे.

दुसरा आक्षेप वेळ व मनुष्यबळाचा. शंभर विद्यार्थ्यांस हाताने तेल करावयास लावणे कठीण आहे, हे खरे. यावर उपाय म्हणजे निष्पत्तींची निवड. सर्वच कल्पना चौथ्या पायरीपर्यंत नेता येणार नाहीत. काही कल्पना 'कसे करावे हे माहीत आहे' या पायरीवर ठेवाव्या लागतील, आणि ते उघडपणे लिहावे. सर्व काही शिकविल्याचा आभास निर्माण करण्यापेक्षा हे अधिक सचोटीचे आहे.

तिसरा आक्षेप औषधनिर्मात्यांच्या संदर्भातील आहे. निष्पत्ती व्यवसायाने सांगावयाची, तर महाविद्यालये कारखान्यांसाठी कामगार घडविणारी ठरतील का? हा धोका ओळखून निष्पत्तीचा अंतिम निकष रुग्णाचे हित हाच ठेवला पाहिजे. निर्मात्यास जलद काम करणारा पर्यवेक्षक हवा असेल, परंतु दग्ध घाणा थांबविण्याचे धैर्य असलेला पर्यवेक्षक रुग्णास हवा असतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० व त्याखालील नियमांनी पात्र तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीची अट घातली आहे, ती याच हेतूने.

वैद्य व औषधनिर्माते यांचे कर्तव्य

महाविद्यालयांनी मांडणी बदलावी असे म्हणून आपण स्वस्थ बसणे उचित नाही. विद्यार्थ्यास शेवटी काय करता यावे हे चिकित्सालयात व भट्टीवर दिसते, आणि तेथे आपण असतो. यास्तव पुढील चार गोष्टी आपल्या हाती आहेत.

१) आपल्याकडे आलेल्या नव्या स्नातकास पहिल्या तीन महिन्यांत काय जमले नाही, याची पाच वाक्यांत नोंद करून जवळच्या महाविद्यालयाच्या संबंधित विभागास द्यावी. तक्रारीच्या भाषेत नव्हे, क्रियापदाच्या भाषेत.

२) औषधनिर्मात्यांनी प्रत्येक घाण्यातील कल्काचे नमुने अवस्थावार जपून ठेवावेत व बिघडलेले घाणे लपविण्याऐवजी, नाव वगळून, अध्यापनासाठी द्यावेत. चांगल्या घाण्यावरून जे शिकता येत नाही ते बिघडलेल्या घाण्यावरून शिकता येते.

३) आंतरवासितेच्या विद्यार्थ्यास केवळ नाडी-रक्तदाब नोंदविण्यास व औषधांच्या पुड्या बांधण्यास बसवू नये. आरंभी दोन-तीन निष्पत्ती ठरवाव्यात व शेवटी त्या पाहाव्यात.

४) न पाहिलेल्या कर्मापुढे स्वाक्षरी करू नये. हे लिहिताना लेखकास संकोच वाटतो, कारण विद्यार्थ्याचे नुकसान नको म्हणून त्यानेही पूर्वी अशा स्वाक्षऱ्या केल्या आहेत. नुकसान टळत नाही, ते केवळ पुढे ढकलले जाते व रुग्णाच्या वाट्यास येते.

उपसंहार

सारांश, अभ्यासक्रमाची मांडणी विषयसूचीपासून न करता अपेक्षित निष्पत्तीपासून करावी. निष्पत्ती कृती, परिस्थिती व मानदंड यांसह लिहावी. परीक्षा तिच्याशी जुळती ठेवावी. आणि त्यानंतरच पाठ आखावा. निष्पत्ती थोड्या असाव्यात व त्यांचा निकष रुग्णहित असावा. संहितांनी योग्येस दिलेले स्थान पाहता हा मार्ग आपल्या परंपरेस अनुकूलच आहे.

ज्या औषधनिर्माणशाळेत लेखकाचा घाणा करपला तेथे मामा गावाहून परतल्यावर पुढचा घाणा त्यांनी लेखकाकडूनच करून घेतला. स्वतः बाजूस बसून ते दर थोड्या वेळाने एवढेच म्हणत, "डॉक्टरसाहेब, आता बघा. आता पुन्हा बघा." मामांनी शिकविले ते एका संध्याकाळी, आणि ते आजवर विसरले गेले नाही. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास ती संध्याकाळ महाविद्यालयातच मिळावी, यासाठी आपल्या संघटनेच्या जिल्हा शाखांनी आपापल्या भागातील महाविद्यालयांशी चर्चा सुरू करावी, अशी नम्र सूचना करून हा लेख पूर्ण करतो.